शिरक्यात शिजलेले अन्न

आपल्या सुरतेच्या उन्हाळ्यात सकाळी केलेले वरण रात्रीपर्यंत आंबते. परंतु लिंबाच्या लोणच्याची बरणी वर्षभर टिकते. आंबटपणा दोन्हीकडे आहे. मग एक फेकावे लागते आणि दुसरे पानात वाढले जाते, असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूरच्या एका स्वयंपाकघरात जाऊ या.

फिलिपिन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथील हवा उष्ण आणि दमट. अशा हवेत मांस टिकावे म्हणून तेथील लोक ते शिरक्यात व मिठात शिजवीत. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनची सत्ता होती. स्पॅनिश लोकांना हा प्रकार आपल्याकडील मुरवलेल्या मांसासारखा वाटला, म्हणून त्यांनी त्यास 'अडोबो' म्हटले. पुढे चिनी व्यापाऱ्यांमुळे त्यात सोयाबीनचा खारट रस, म्हणजे सोया सॉस, आला. नाव परक्यांचे, पण रीत मात्र मूळचीच.

गोव्यात याच्या उलट घडले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. मद्य व लसूण यांत मुरवलेल्या मांसाचा प्रकार त्यांनी आपल्याबरोबर आणला. गोवेकरांनी मद्याऐवजी माडाच्या सुरेचा शिरका वापरला आणि अमेरिकेतून आलेली लाल मिरची त्यात वाटून घातली. हाच 'विंदालू'. यातील 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे. तो लसणीच्या पोर्तुगीज नावाचा अपभ्रंश आहे. हे न कळल्यामुळे अनेक ठिकाणी विंदालूत बटाटे पडू लागले! शब्दाचा इतिहास विसरला की पदार्थही बदलतो, तो असा.

शिरका आपल्यालाही परका नाही. जवळच्या नवसारीचा उसाचा 'सरको' प्रसिद्ध असून पारशी घरांतील 'सास नी मच्छी' त्यावाचून होत नाही.

आता अडोबोची कृती पाहू. एक किलो वराहमांसाचे दीड इंची तुकडे करावेत. पातेल्यात मांस, एक वाटी शिरका, एक वाटी सोया सॉस, दोन वाट्या पाणी, ठेचलेल्या लसणीचा एक गड्डा, तीन तमालपत्रे व चमचाभर अख्खी मिरी घालावी. उकळी येऊन शिरक्याचा उग्र वास कमी होईपर्यंत झाकण ठेवू नये व ढवळूही नये. नंतर झाकून मंद आचेवर तासाभराहून थोडे अधिक शिजवावे. शेवटी झाकण काढून रस आटवावा. सोया सॉस खारट असल्याने मीठ चाखल्यावाचून घालू नये. हा पदार्थ भाताबरोबर खातात. ज्या घरी मांस वर्ज्य आहे तेथे वांगी घ्यावीत. वांग्यांचा अडोबो फिलिपिन्समध्येही करतात. त्यास शिरका व पाणी कमी लागते आणि पाव तास पुरतो.

यामागील शास्त्र सोपे आहे. ताडी किंवा उसाचा रस आंबला की प्रथम किण्व साखरेचे मद्य करते. मग हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने विशिष्ट जंतू मद्याचे ॲसेटिक आम्ल करतात. हे काम सजीवांचे आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले. वरणात जंतू आधी वाढतात आणि आंबटपणा मागाहून येतो; लोणच्यात व अडोबोत आम्ल आधीच असल्याने बहुतेक घातक जंतूंना वाढताच येत नाही. आंबट होणे आणि आंबट करणे यांतील भेद तो हाच. मंद आचेवर मांसातील चिवट तंतूंचे सरस बनते व मांस मऊ होते.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. आम्ल तांब्या-पितळेला झोंबते, म्हणून बिनकल्हईचे भांडे कदापि वापरू नये. मातीचे किंवा पोलादी उत्तम. तसेच वराहमांसात कृमींच्या अळ्या असू शकतात, म्हणून ते आतपर्यंत पूर्ण शिजलेच पाहिजे. शिरका हा रक्षक खरा, पण तो अग्नीची जागा घेऊ शकत नाही.

दुसऱ्याच्या ताटातील पदार्थ आपण खावा असे नाही. पण तो तसा का झाला, हे समजून घेतल्यावर त्याला नाक मुरडावेसे वाटत नाही.

स्वाध्याय
१. वरण आंबणे व लोणचे टिकणे यांतील भेद सांगा.
२. 'विंदालू' या नावातील घोटाळा स्पष्ट करा.
३. तुमच्या घरी आंबटपणाने टिकणारे पदार्थ कोणते? आजीला विचारून यादी करा.