यंत्राचा गुळगुळीतपणा : कोठें हवा व किती हवा

जात्यास टाकी लावून घेणें हें काम पूर्वीं घरोघरीं ठरलेलें असे. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत झाल्या म्हणजे पीठ भरड पडूं लागे, दळणारणीचे हात भरून येत, आणि मग पाथरवटास बोलावून दगडाच्या अंगावर टाकीचे बारीक खोंचे पाडून घेत. त्याच घरच्या गाडीच्या आंसास मात्र वंगण घालीत, व तो जितका घसरत फिरेल तितका बरा असें मानीत. एकीकडे खरबरीतपणा पैसे देऊन आणावयाचा व दुसरीकडे तो झांकण्यासाठीं तेल खर्चावयाचें, यांत आपल्या वडीलधाऱ्यांस कधीं विरोध दिसला नाहीं. इंजिन विहिरीवर आल्यापासून आपण मात्र हें विसरलों, आणि लोखंडाचा प्रत्येक भाग आरशासारखा असावा अशी समजूत करून बसलों. आमचीहि तीच समजूत होती व तिची किंमत आम्हांस उंसाच्या रूपानें मोजावी लागली. म्हणून हें लिहिण्याचें योजिलें आहे.

धातूचा कोणताहि भाग कितीहि घासला तरी तो खरोखर सपाट होत नाहीं. बोटास गुळगुळीत लागणाऱ्या अंगावरहि शिखरें व दऱ्या असतातच. फक्त त्यांचें माप मायक्रॉनमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, घ्यावें लागतें. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. इंजिनच्या लायनरचा सरासरी खरबरीतपणा एका मायक्रॉनच्याहि आंतला असतो. इतक्या लहान उंचवट्यांनीं काय बिघडणार, असें वाटेल. यासाठीं नुकतेंच नांगरलेलें रान डोळ्यांपुढें आणावें. त्यावर एक लाकडी फळी ठेविली तर ती सगळ्या रानास टेकल्यासारखी दिसते, परंतु तिचा भार चार-सहा उंच ढेकळांवरच असतो. फळीवर माणूस उभा केला कीं तीं ढेकळें दबतात व त्यांच्या शेजारचीं आणखी कांहीं भार घेऊं लागतात. एका धातूवर दुसरा धातू टेकतो तोहि असाच. टेकलेल्या शिखरांवर भार इतका एकवटतो कीं तीं चेपतात व डांक दिल्याप्रमाणें एकमेकांस चिकटतात. भाग सरकला कीं हे बारीक सांधे तुटतात. ते तोडण्यास लागणारें बळ म्हणजे बहुतांशीं घर्षण, आणि तुटतांना जो कण उखडून निघतो ती झीज.

घर्षण भाराच्या प्रमाणांत वाढतें, दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या नव्हे, हा नियम फ्रान्समधील आमोंतों यानें १६९९ सालींच सांगितला होता. तो तसा कां, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास केंब्रिज येथील बौडन व टेबर यांच्या प्रयोगांनीं झाला. आणि तो वर सांगितलेल्या ढेकळांसारखाच आहे. भार वाढला म्हणजे टेकणाऱ्या जागा वाढतात, फळीची लांबीरुंदी कितीहि असो.

मग शिखरेंच समूळ काढलीं तर घर्षण नाहींसें होईल काय? होत नाहीं. स्वीडनमधील योहान्सन याचे मापाचे पोलादी ठोकळे इतके सपाट केलेले असतात कीं एकावर एक दाबून सरकविले असतां ते चिकटून बसतात, उचलले तरी सुटत नाहींत. कारखान्यांत मापें घेण्यास हा गुण उपयोगी आहे, पण फिरणाऱ्या यंत्रांत असें झालें तर यंत्र जाम होईल.

यावर तोड तेलाची आहे. १८८३ सालीं टॉवर नांवाचे इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आंसाचें बेअरिंग तपासीत होते. तेल घालण्यासाठीं त्यांनीं बेअरिंगच्या माथ्यावर भोंक पाडलें, तों आंस फिरत असतां तेल आंत जाण्याऐवजीं वर येऊं लागलें. बूच मारलें तें उडालें. लाकडी खुंटी ठोकली तीहि बाहेर ढकलली गेली. फिरणारा आंस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो व त्या तेलाच्या दाबावर स्वतःच तरंगतो, हें त्यावरून कळलें. १८८६ सालीं रेनल्ड्स यांनीं त्याचें गणितहि मांडलें. तेलाचा हा पडदा थोड्याच मायक्रॉनचा असतो. अंगावरचीं शिखरें त्याहून उंच असतील तर तीं पडदा फाडून एकमेकांस भिडतात. वेग पुरेसा नसेल तर पडदा धरतच नाहीं. म्हणून यंत्राची मोठी झीज तें चालू होतांना व थांबतांना होते. घटकाघटकास इंजिन बंद-चालू करणारे आपल्यांत पुष्कळ आहेत, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

खरबरीतपणा मुद्दाम कोठें राखतात हें पाहावयाचें असेल तर गळिताच्या दिवसांत कारखान्यावर जावें. आमच्या अकलूजच्या आसमंतांत तें दूर नाहीं. माळीनगर येथें १९३० नंतरच्या दशकांतच साखर निघूं लागली, व पुढें यशवंतनगरास सहकारी कारखाना उभा राहिला. त्यापूर्वीं गुऱ्हाळावर बैलाच्या चरकानें जें काम होई, तेंच येथें मोठ्या मिलमध्यें तीन मुख्य रोलर करतात. त्यांचें कवच मुद्दाम भरड कणाच्या बिडाचें ओततात, कारण असें बीड झिजलें तरी अगदीं गुळगुळीत होत नाहीं. तरीहि रसानें व मातीनें रोलरच्या दांत्यांस चकाकी येतेच. मग ऊंस घसरूं लागतो, व मिल त्यास आंत ओढीत नाहीं. तेव्हां दांत्यांवर वेल्डिंगचे बारीक थेंब बसवून पुन्हां खरबरीतपणा आणतात. ही जात्याचीच टाकी झाली. परंतु त्याच रोलरचीं दोन्हीं टोकें, जीं बेअरिंगमध्यें फिरतात, तीं तासून-घासून लखलखीत केलेलीं असतात. एकाच लोखंडाच्या मध्यभागीं घर्षण हवें व टोकांस नको. रोलर मिनिटास थोडेच फेरे घेतो; इतक्या मंद चालींत पातळ तेलाचा पडदा टिकत नाहीं, म्हणून तेथें तेल घट्ट लागतें.

इंजिनच्या लायनरमध्यें मात्र हे दोन्हीं गुण एकाच जागीं लागतात, आणि आमची चूक तेथेंच झाली. २०१९ च्या उन्हाळ्यांत दुष्काळानें विहिरी खोल गेल्या होत्या. वीज अवेळीं येई, म्हणून विहिरीवरील डिझेल इंजिनास नवा लायनर व नव्या पिस्टन-रिंगा घालण्याचें ठरविलें. लायनर आला तो पाहतों तों आंतून तिरप्या रेघांनीं भरलेला. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. उताऱ्यावरची खाडाखोड जशी आम्हांस खपत नसे तशाच त्या रेघा खपल्या नाहींत. आमचे जुने मिस्त्री म्हणाले, "भाऊसाहेब, त्या रेघा पुसूं नका, तेल त्यांतच राहतें." आम्हांस वाटलें, माल हलका आहे व हे दुकानदाराची बाजू घेतात. आम्हीं लायनर दुसऱ्या एका कारागिराकडे नेला. त्यानें, आम्हीं सांगितलें म्हणून, बारीक पॉलिशपेपरनें तो आरशासारखा करून दिला. त्यांत तोंड पाहून आम्ही संतुष्ट झालों.

इंजिन चालू झालें, पण तिसऱ्या दिवसापासून निळा धूर धरला. तेल दिवसास उतरूं लागलें, कॉम्प्रेशन गेलें, व सकाळीं हँडल मारतां मारतां गड्याचे खांदे भरून येऊं लागले. पाणी निम्मेंहि पडेना. या खटपटींत बारा दिवस गेले, आणि तेवढ्यांत खोडव्याचा वरचा तुकडा करपला.

कारण असें. लायनरमधील तिरप्या रेघा म्हणजे आपल्या उंसाच्या सऱ्या समजाव्या. सरींत पाणी राहतें तसें त्या रेघांत तेल राहतें, आणि वरंब्याच्या सपाट माथ्यावरून रिंग सरकते. माथा सपाट व सरी खोल, ही लायनरची उत्तम घडण होय. रेघा दोन दिशांनीं एकमेकींस छेदतात. त्यांमधील कोन सामान्यतः ४५ ते ६० अंशांचा ठेवतात, म्हणजे तेल ना सगळें खालीं वाहून जातें ना वर जळतें. दुसरें असें कीं नवी रिंग लायनरच्या त्या बारीक माथ्यांवर घासून आपली बैठक करून घेते. कांचेसारख्या अंगावर तिला घासण्यास कांहीं सांपडत नाहीं. ती बसत नाहीं, व तिच्या बाजूनें तेल वर जाऊन जळतें.

शेवटीं आम्ही खालमानेनें पूर्वींच्या मिस्त्रींकडेच गेलों. त्यांनीं एका शब्दानें बोल लाविला नाहीं. होनिंगचे दगड वर-खालीं फिरवून रेघा पुन्हां पाडल्या. नंतर गरम पाणी, साबण व ब्रश यांनीं लायनर धुतला, तो पांढरें फडकें फिरवून त्यास डाग लागेना इतका. नुसत्या रॉकेलनें दगडाची भुकटी रेघांतून निघत नाहीं, आणि राहिली तर तीच पुढें कानशीप्रमाणें रिंगा खाते. आंत तेलाचा हात देऊन नव्या रिंगा घातल्या.

नवें काम केल्यावर इंजिन दिवसभर रिकामें फिरवीत ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे, तीहि सोडावी. रिकाम्या इंजिनांत वायूचा दाब कमी असतो, तो रिंगेस लायनरवर पुरती दाबीत नाहीं, आणि तेल भाजून लायनरवर कांचेसारखा थर धरतो. पहिल्या दिवसापासून पंप जोडून मध्यम भारावर चालवावें. पुरा भार मात्र बनविणाऱ्याच्या पुस्तिकेंत दिलेले तास भरल्यावर द्यावा. पहिलें तेल लवकर बदलावें, कारण बैठक होतांना निघालेले धातूचे कण त्यांत असतात. हवेची जाळी स्वच्छ ठेवावी. आपल्या काळ्या रानांतील उन्हाळी धूळ आंत गेली तर लायनर कितीहि चांगला असो, सऱ्या व वरंबे दोन्हीं एका हंगामांत सपाट होतात.