चार पैसे जास्त

संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनाबाहेर उभे राहा. दर गाडीला माणसांचा लोंढा पुलावरून खाली उतरतो. मुंबईपासून डोंबिवली ४८ किलोमीटर आहे. कल्याण त्याच्याही पुढे ६ किलोमीटर. जलद गाडीलासुद्धा तासाच्या वर वेळ लागतो. ही माणसे सकाळी घराबाहेर पडलेली असतात. त्यांत बायका पुष्कळ. नोकरी संपली, पण घरचा स्वयंपाक अजून व्हायचा आहे.

हे जाणे-येणे फार जुने आहे. आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून मुंबईत काम आणि इकडे बिऱ्हाड, अशी माणसे वाढतच गेली.

आता रस्त्याच्या कडेला बघा. एक मावशी पोते अंथरून बसली आहे. समोर वाल आहेत. पण ते सुके नाहीत. मोड आलेले, सोललेले, पांढरेशुभ्र. त्यांचे लहान लहान वाटे मांडले आहेत.

“मावशी, वाटा कसा दिला?”

“चाळीसला, ताई.”

“काय गं एवढा? दुकानात सुके वाल केवढ्याला मिळतात!”

“मग ते घ्या की. रातभर भिजवा, मोड काढा, नि बसा सोलत. परवाच्याला उसळ खावा.”

ताई हसते आणि दोन वाटे घेते.

वालाचे बिरडे कसे करतात हे तुम्हाला सांगायला नको. तरी हिशोबासाठी सांगतो. वाल रात्री भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे. मग एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. घरात पाच माणसे असली तर तासभर सहज जातो. बोटे सुरकुततात, मान दुखते.

म्हणजे ताईने जास्तीचे पैसे वालाचे दिले नाहीत. तिने एका तासाचे दिले. तो तास ती मुलाचा अभ्यास घेईल. नाहीतर नुसती पाय पसरून बसेल. बसली तरी काय बिघडले? दिवसभर राबलेल्या माणसाने बसणे हा काही गुन्हा नव्हे.

घरात कोणी म्हातारे माणूस म्हणते, “वाल सोलायला पैसे? आमच्या वेळी असली चैन नव्हती.” खरे आहे, नव्हती. पण त्या वेळी घरात चार बाया असत, आणि त्यांच्या तासाची किंमत कोणी विचारत नसे. काम तेव्हाही होते. फक्त ते फुकट होत होते.

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रे गल्लोगल्ली आहेत. तेथे ताज्या पोळ्या नगावर मिळतात. समजा, एक पोळी १२ रुपयांना आहे. आठ पोळ्यांचे ९६ रुपये झाले. घरी कणीक, तेल, गॅस मिळून ३० रुपये लागले असते. म्हणजे ६६ रुपये जास्त गेले. रोज हे परवडेल का? पुष्कळांना नाही परवडणार. पण आठवड्यातून एकदा, गाडी उशिरा आली त्या दिवशी, परवडते. त्या पोळ्या लाटणारीही एखादी गृहिणीच असते. एकीची सोय ती दुसरीची कमाई.

गाडीच्या डब्यात भाजी निवडत येणाऱ्या बायकाही तुम्हाला दिसतील. मांडीवर पिशवी, हातात मटाराच्या शेंगा आणि तोंडाने गप्पा. ज्यांना बसायला जागा मिळते त्यांचे हे जमते. उभे राहणारीने काय करावे? ती चिरलेली भाजी विकत घेते. येथे मात्र जरा डोळे उघडे ठेवावेत. भाजी चिरून ठेवली की तिच्यातले क जीवनसत्त्व कमी होत जाते. कडा काळ्या पडल्या असतील, पिशवीत पाणी सुटले असेल, तर ती घेऊ नये. सोललेले वाल बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर तेही नकोत. चार पैसे जास्त देऊन दुखणे कशाला आणायचे?

आता गजऱ्याचे पाहू. वालाचा निदान हिशोब तरी मांडता येतो. गजऱ्याचा उपयोग काय? पोट भरत नाही, वेळ वाचत नाही, सकाळपर्यंत सुकून जातो. तरीही गाडीतून उतरलेली बाई मोगऱ्यापाशी थांबते. हा मोगरा कोठून येतो ठाऊक आहे? जव्हार, विक्रमगड या भागात आदिवासी शेतकरी मोगरा लावतात. हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. फूल उमलायच्या आत कळी खुडावी लागते, म्हणून खुडणी पहाटे सुरू होते. कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. संध्याकाळी त्या उमलतात आणि वास सुटतो.

समजा, गजरा १० रुपयांना आहे. महिन्याचे २६ दिवस घेतला तर २६० रुपये होतात. वर्षाचे ३,१२० रुपये. आकडा पाहून दचकलात ना? दहा रुपये लहान दिसतात, पण ते रोज जातात. म्हणून एकदा तरी वर्षाचा आकडा मांडून पाहावा. मांडल्यावरही घ्यावासा वाटला तर खुशाल घ्यावा. आठवड्यातून एकदा घेतला तर वर्षाला ५२० रुपये. मला विचाराल तर एवढा खर्च मी माफ करीन. उसने पैसे काढून मात्र गजरा घेऊ नये. त्याचा वास व्याजाला पुरत नाही.

गाडीतही अशी चैन निघाली आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये थंड हवेची लोकल सुरू झाली. दारे आपोआप बंद होतात, घाम येत नाही. तिकीट फार महाग होते. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकीट जवळजवळ निम्म्यावर आणले. तेव्हापासून त्या गाडीतही गर्दी! तरी साध्या डब्यापेक्षा ते अजून कितीतरी पट महागच आहे. रोजच्याला नाही, पण अंगात कणकण असेल त्या दिवशी ते पैसे कारणी लागतात.

पुन्हा त्या मावशीकडे येऊ. कारण तुमच्यापैकी पुष्कळांचा संबंध तिच्याशी आहे. मुरबाड-शहापूरकडे भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल येतात. ते तसेच व्यापाऱ्याला घातले तर व्यापारी ठरवील तो दर. सोलून शहरात नेले तर सोलण्याची मजुरी आपल्या घरात येते. पण जोखीम आहे. सोललेला दाणा टिकत नाही. रात्री नऊला जे वाटे उरतात, ते पडेल त्या भावाने द्यावे लागतात.

हा हिशोब पाटीवर मांडा. मावशीने २ किलो सुके वाल धरले, त्यांची किंमत २४० रुपये. जाण्यायेण्याचे भाडे ७० रुपये. वाटे झाले १६. त्यांतले १२ वाटे चाळीसने गेले आणि उरलेले ४ रात्री वीसने गेले. एकूण किती आले? ५६० रुपये. त्यातून ३१० वजा केले. हातात राहिले २५० रुपये.

वाल भिजवणे, मोड काढणे, पहाटेपासून सोलणे, गाडी, आणि स्टेशनाबाहेर चार तास बसणे, हे सगळे त्या २५० मध्ये आले. आता सांगा, चाळीसचा वाटा महाग होता का?