शब्दाआधी सोबत



एखाद्या घरी मयत झाली की आपण सारे धावून जातो. प्रार्थना म्हणतो आणि निघताना ठरलेले वाक्य बोलतो, "देवाची इच्छा. धीर धरा." आम्ही धर्मगुरूही ते अनेकदा बोललो आहोत. एकदा तरुण मुलगा गमावलेल्या आईने आम्हांला शांतपणे विचारले, "फादर, माझा मुलगा जावा, अशी देवाची इच्छा होती का?" सेमिनरीत शिकलेले सारे तत्त्वज्ञान त्या ओटीवर मुके झाले.

मग श्रद्धेचे शब्द बोलायचेच नाहीत का? बोलायचे; पण कसे, हे संत बर्णबाकडून शिकू या. ख्रिस्तसभा ११ जूनला त्याचा सण साजरा करते. त्याचे मूळ नाव योसेफ. तो सायप्रस बेटावरचा लेवी. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे 'धीर देणारा', हे नाव दिले (प्रे. कृत्ये ४:३६).

शौल, म्हणजेच पुढचा संत पौल, जेरुसलेमला आला तेव्हा सारे शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले आणि त्याची बाजू मांडली (९:२६-२७). अंत्युखियात नवी ख्रिस्तसभा उभी राहत होती. तेथे बर्णबा आधी गेला, देवाची कृपा पाहिली, आनंदला आणि मगच त्याने बोध केला (११:२२-२३). वाटेतून परत फिरलेल्या मार्कला सोबत घ्यायला पौल तयार नव्हता. बर्णबाने त्याला आपल्याबरोबर नेले (१५:३७-३९). पुढे त्याच मार्कविषयी, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौलाच्या पत्रात लिहिलेले आढळते (२ तीमथ्य ४:११).

बर्णबाच्या नावाचा अर्थ सांगणारा ग्रीक शब्द आणि योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी आलेला 'पॅराक्लीट' हा शब्द एकाच धातूचे आहेत. पॅराक्लीट म्हणजे हाक मारताच शेजारी येऊन उभा राहणारा. धीर देणे म्हणजे आधी शेजारी उभे राहणे.

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर योग्य वागले. दुःखाची कारणे सांगू लागले आणि चुकले. शेवटी देवानेच त्यांना दोष दिला (ईयोब २:१३, ४२:७).

त्या आईकडे आम्ही महिन्याच्या मिस्सेनंतर पुन्हा गेलो. ती मुलाबद्दल बोलत राहिली, आम्ही ऐकत राहिलो. निघताना तीच म्हणाली, "फादर, एक प्रार्थना बोला." तेव्हा पुनरुत्थानाच्या आशेचे शब्द आम्ही उच्चारले. ते तिला परके वाटले नाहीत.

आपल्या धर्मग्रामातही व्यसन सोडून परतलेला कोणी शेवटच्या बाकावर बसत असेल. परीक्षेत नापास झालेले पोर घराबाहेर पडत नसेल. आजारी म्हातारीकडे पहिल्या आठवड्यानंतर कोणी फिरकले नसेल. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाकडे जाऊ या. आधी बसू या, ऐकू या. मग प्रभूचे नाव घेऊ या. आपण शेजारी बसलेले असू, तर आपल्या तोंडचा साधा शब्दही प्रभू वापरून घेईल.

प्रभूची शांती आपणां सर्वांबरोबर असो.

आपले धर्मगुरू