जुन्या योगवह्यांतील वजने आणि त्यांचे मेट्रिक रूपांतर

वैद्यबंधूंच्या संग्रही असलेल्या हस्तलिखित योगवह्या हा आपल्या व्यवसायाचा मोठा ठेवा आहे. मात्र त्यांतील पाठ आज निर्माणास घेताना द्रव्यांच्या ओळखीइतकीच काळजी वजनांच्या रूपांतराची घ्यावी लागते, हे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून कळले. ती चूक प्रथम सांगतो.

शिवडीतील एका दिवंगत वैद्यांची वही त्यांच्या कुटुंबीयांनी माझ्याकडे सोपविली. तीत ज्वरावरील एका गुटीचा पाठ आहे. सुंठ, मिरे, पिंपळी व शुद्ध टंकण प्रत्येकी १ तोळा आणि शुद्ध वत्सनाभ '३० ग्रे.'. शाई पुसट झालेली. मी ते '३० ग्रॅ.' असे वाचले, तोळ्याचे १२ ग्रॅम धरले आणि उत्पादनपत्रक लिहून मोकळा झालो. द्रव्ये खलात पडण्यापूर्वी आमच्या कंपाउंडरने विचारले, "डॉक्टर, चार तोळ्यांच्या औषधात अडीच तोळे बचनाग?"

ग्रे. म्हणजे ग्रेन. एक ग्रेन ६४.८ मिलिग्रॅमचा, म्हणून ३० ग्रेन म्हणजे अवघे १.९४ ग्रॅम. मूळ पाठात वत्सनाभाचे प्रमाण शेकडा ४ होते; माझ्या पत्रकात ते शेकडा ३८ झाले होते. दोन गुंजांच्या एका गोळीत १० मिलिग्रॅमऐवजी सुमारे ९६ मिलिग्रॅम वत्सनाभ गेला असता. वत्सनाभाची हृदयावरील विषबाधा वाचकांस सांगावयास नको. एका मात्रेच्या खुणेने पंधरा पटींचा फरक पडतो.

असा घोटाळा का होतो, हे समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. ब्रिटिश अमलात १८३३ पासून रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरले आणि तोच तोळा झाला. म्हणजे तोळा ११.६६४ ग्रॅमचा. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा आणि ४० शेरांचा मण ३७.३२ किलोचा. त्याच काळी औषधालयांतून ग्रेन, ड्रॅम, औंस ही इंग्रजी मापेही चालत. पुढे १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला व १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे त्या पिढीच्या एकाच वहीत आधीच्या पानांवर ग्रेन आणि नंतरच्या पानांवर ग्रॅम आढळतात. पान कोणत्या काळचे व सोबतची वजने कोणती, हे पाहिल्याशिवाय संक्षेपाचा अर्थ लावू नये. ज्या पाठात बाकी सर्व तोळे आहेत, तेथे ग्रॅम असण्याचा संभव कमीच.

औंसाच्या बाबतीत तर तिहेरी सावधगिरी हवी. औषधी औंस ४८० ग्रेनचा, म्हणजे ३१.१ ग्रॅम, बाजारी औंस ४३७.५ ग्रेनचा, म्हणजे २८.३५ ग्रॅम, आणि द्रवाचा औंस २८.४ मिलिलिटर. औषधी ड्रॅम ६० ग्रेनचा असल्याने तीन ड्रॅमांचा बरोबर एक तोळा होतो. जुन्या कंपाउंडरांना हे तोंडपाठ असे.

आता आपल्या मानांकडे वळू. शार्ङ्गधरसंहितेतील मागधमानात ६ गुंजांचा माष व १६ माषांचा कर्ष, म्हणजे ९६ गुंजा. व्यवहारातील ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा धरला तरी ९६ गुंजाच होतात. कालिंगमानात मात्र ८ गुंजांचा माष व १० माषांचा कर्ष, म्हणजे ८० गुंजा. शासकीय आयुर्वेदीय योगसंग्रहाने (प्रथम भाग, १९७८) गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा १ ग्रॅम, कर्ष वा तोळा १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम आणि प्रस्थ ७६८ ग्रॅम असे सोयीचे आकडे दिले आहेत. रुपयाच्या तोळ्यावरून काढल्यास गुंज १२१.५ मिलिग्रॅमची येते. फरक शेकडा तीनहूनही कमी. सर्व द्रव्ये तोळ्यांत असतील तर त्याने काहीच बिघडत नाही. बिघडते ते एका द्रव्याला १२ ग्रॅमचा तोळा, दुसऱ्याला सराफाचा १० ग्रॅमचा आणि तिसऱ्याला इंग्रजी ग्रेन लावल्याने. म्हणून मिश्र पाठ हाती आल्यास थेट ग्रॅम करू नयेत. प्रथम सर्व वजने ग्रेनमध्ये मांडावीत, त्यावरून शेकडा प्रमाण काढावे आणि मगच घाणीच्या आकारानुसार ग्रॅम ठरवावेत. वरील पाठात ७२० आणि ३० ग्रेन मांडले असते, तर चूक कागदावरच दिसली असती.

'वाल' हाही शब्द जुन्या वह्यांत वारंवार येतो. शार्ङ्गधराच्या कालिंगमानात वल्ल ३ गुंजांचा आहे, परंतु रसग्रंथांतून २ गुंजांचा वल्लही मिळतो. रसकल्पांत ग्रंथ न पाहता वाल धरणे धोक्याचे.

खरेदीच्या नोंदींतील मणही तपासावा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा, असे २८ मण म्हणजे ७८४ पौंडांची खंडी. आमच्या शेजारी कॉटन ग्रीनला ज्या कापसाच्या व्यापारावरून नाव पडले, त्या व्यापारात सुमारे ३५६ किलोची ही खंडी अजून बोलली जाते. वहीतला 'हिरडा १ मण' यांपैकी कोणता, हे ठरविल्याखेरीज जुना उतारा आजच्या उताऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

द्रवद्रव्यांविषयी थोडक्यात. कुडवापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये दुप्पट घेण्याचा संकेत आहे. तुला या मानास तो लागू नाही. द्वैगुण्य धरल्यास प्रस्थभर तेल १.५३६ लिटर होते. हे आकारमान आहे. तिळाचे तेल पाण्याहून हलके असल्याने तेच काट्यावर सुमारे १.४१ किलो भरते. तेल तोलून घेणाऱ्या फार्मसीने उत्पादनपत्रकात लिटर की किलो हे स्पष्ट लिहावे, आणि शेजारी मूळ पाठातील वजन वहीत जसे आहे तसेच, संक्षेप न उलगडता, उतरून ठेवावे.