आगमनकाळाचा पहिला रविवार : आपण जागे आहोत का?



आगमनकाळ जवळ आला की आपल्या घरांत लगबग सुरू होते. भिंतींना रंग, खिडकीत तारा, अंगणात गोठा, फराळ, नवे कपडे आणि नाताळनंतरच्या लग्नांच्या याद्या! अशा वेळी पहिल्या रविवारी आपण मिस्साला येतो आणि शुभवर्तमानात बाळ येशू नव्हे, तर नोहाच्या काळचा जलप्रलय ऐकतो (मत्तय २४:३७-४४). सणाच्या तोंडावर हे वाचन कशासाठी, असा प्रश्न पडतो.

आगमनकाळाचे दोन भाग आहेत. १६ डिसेंबरपर्यंत ख्रिस्तसभा आपले लक्ष प्रभूच्या पुनरागमनाकडे वेधते. १७ ते २४ डिसेंबर हे दिवस त्याच्या जन्मोत्सवाच्या तयारीचे. रविवारची वाचने अ, ब, क अशा तीन वर्षांच्या क्रमाने येतात. तिन्ही वर्षी पहिल्या रविवारचा संदेश एकच असतो : जागे राहा. येथे आपण 'अ' वर्षाची वाचने घेऊ या.

नोहाच्या काळचे लोक काय करीत होते? खात-पीत होते, लग्ने करीत होते. यात पाप कोणते? प्रभू येथे त्यांच्या पापांची यादी देत नाही. तो एवढेच सांगतो की, पूर येईपर्यंत त्यांना काही कळलेच नाही. पुढे शेतात दोघे आहेत, जात्यावर दोघी आहेत. काम तेच, जागा तीच. तरी एकाला घेतले जाते, दुसरा मागे राहतो. बाहेरून फरक दिसत नाही. चर्चमध्ये एकाच बाकावर बसणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा इशारा आहे.

मग जागे राहायचे म्हणजे काय करायचे? पहिले वाचन उत्तर देते (यशया २:१-५). लोक तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील आणि भाल्यांचे विळे करतील, असे संदेष्टा सांगतो. लोखंड फेकायचे नाही, त्याला नवा आकार द्यायचा. आपली जीभ हेच आपले लोखंड. बांधावरून, वाटणीवरून ती तलवारीसारखी चालते. गोठा सुंदर सजला, पण मिस्सानंतर सख्ख्या भावाला 'नाताळ शुभेच्छा' न म्हणताच घरी परतलो, असे आपल्यापैकी किती जणांना कबूल करावे लागेल?

दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो, झोपेतून उठण्याची वेळ आली आहे (रोम १३:११-१४). याच वाचनाच्या शेवटच्या दोन ओव्यांनी संत ऑगस्टीनचे आयुष्य बदलले. इ. स. ३८६ मध्ये मिलान शहरातील एका बागेत तो मनाशी झगडत रडत होता. 'घे आणि वाच' असा एका मुलाचा आवाज त्याच्या कानी पडला. त्याने पौलाचे पत्र उघडले आणि या ओव्या वाचल्या. पुढच्या वर्षी पास्काच्या सणाला संत अँब्रोज यांच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला. तो तेच वाचत होता, जे आपण त्या रविवारी ऐकणार आहोत.

म्हणून एवढे करू या. शनिवारी संध्याकाळी रोझरी झाली की टीव्ही बंद ठेवून तिन्ही वाचने घरात मोठ्याने वाचू या. मुलांनाही वाचायला देऊ या. नंतर दोन मिनिटे शांत बसून स्वतःला विचारू या : मी कुठे झोपलो आहे? आणि पहिली मेणबत्ती पेटण्याआधी, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एका माणसाच्या दारी जाऊ या.

प्रभू कोणत्या घटकेला येईल, हे आपल्याला ठाऊक नाही. तो येईल तेव्हा आपल्या हाती तलवार नसावी, नांगर असावा.

ये, प्रभू येशू, ये!