शब्दाभ्यास : ‘रिजेक्ट’ म्हणजे नेमके काय?



या अंकासाठी घेतलेला शब्द इंग्रजी आहे. तो मला पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत भेटला.

पावसाळा संपल्यावर मी तिथे गेले, तेव्हा एका काकांनी कुडात खोचलेला कागद काढून दाखवला. वनहक्क दाव्यांची ती यादी होती. त्यांच्या नावापुढे इंग्रजीत लिहिले होते, ‘रिजेक्टेड’. त्यांचा मुलगा तळोजा एमआयडीसीत हेल्पर आहे. त्याने वाचून सांगितले होते, “बाबा, आपण रिजेक निघालो.” कारखान्यात रिजेक म्हणजे खोट निघालेला माल, वेगळ्या ढिगात टाकायचा. काकांना वीटभट्टीमुळे तो ढीग चांगला ठाऊक. त्यांनी कागद कुडात खोचला आणि विषय संपवला.

मूळ लॅटिन अर्थ पाहिला तर मुलगा फार चुकला नव्हता : परत फेकणे. पण मराठीत या एका शब्दासाठी किती छटा आहेत! पंगतीत आणखी भात ‘नको’ म्हणणे हे नम्र नाकारणे, इंग्रजीतले डिक्लाइन. पेत्राने अंगणात ओळख नाकारली, ते डिनाय. फारोच्या मुलीचा मुलगा म्हणवून घ्यायला मोशेने नकार दिला, ते रिफ्यूज. आणि तो नकार विश्वासाचा होता (इब्री ११:२४). अर्ज फेटाळतात, मागणी धुडकावतात, दारात आलेल्याला झिडकारतात. कार्यालयाची भाषा ‘अमान्य’ किंवा ‘नामंजूर’. यादीतल्या शब्दाचा अर्थ एवढाच होता की दावा अमान्य झाला. काकांनी ऐकले ते ‘झिडकारले’.

हा फरक केवळ भाषेचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात अमान्य दाव्याला पुढची वाट आहे. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे, तिचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हा समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे निर्णय दावेदाराला समक्ष कळवायचा असतो आणि दावा अमान्य करण्याची कारणे नोंदवायची असतात. ग्रामसभेची शिफारस अपुरी वाटली तर ती फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी परत पाठवायची असते. काकांना यांतले काहीच कोणी सांगितले नव्हते. हातात आली ती फक्त यादी. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे अमान्य झालेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याला स्थगितीही दिली, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. तेव्हा या एका शब्दावर घर अवलंबून असू शकते.

आता पवित्र शास्त्राकडे. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेल्या धोंड्याविषयी स्तोत्र ११८ मध्ये आहे आणि प्रभू येशूने तेच वचन मत्तय २१:४२ मध्ये घेतले. तिथला ग्रीक शब्द ‘आपोदोकिमाझो’. ‘दोकिमाझो’ म्हणजे पारखणे, जसे नाणे किंवा धातू पारखतात. म्हणजे बांधणाऱ्यांनी धोंडा न बघताच टाकला नाही; उचलून, पारखून मग बाजूला केला. खोट पारखीत होती. मार्क ८:३१ मध्ये वडील, मुख्य याजक आणि शास्त्री मनुष्याच्या पुत्राला नाकारतील असे प्रभू सांगतो, तिथेही हाच शब्द. (तीही एक समितीच होती, असे मला नेहमी वाटते.) मला इथे दिलासा मिळतो तो असा की अधिकाराने आणि विचारपूर्वक दिलेला नकारही चुकीचा असू शकतो, आणि तसे म्हणणे म्हणजे बंड नव्हे.

आम्ही काकांबरोबर पुन्हा बसलो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवायला किमान दोन पुरावे लागतात. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा नियमांनुसार पुरावा आहे. जुने घर, बांध, विहीर, दफनाची जागाही. वाडीतल्या सर्वांत वयस्क आजींनी कोणता बांध कोणाच्या सासऱ्याने घातला ते सांगितले. दोन तास बोलल्या, मग अंगठा दिला. ते लिहून घेताना मुलाने मला विचारले, “मॅडम, वर काय लिहू? रिजेक?”

“दावा अमान्य केल्याविरुद्ध अर्ज,” मी म्हणाले. त्याने तेच लिहिले, आणि खाली वडिलांचे पूर्ण नाव.

अर्ज दाखल झाला आहे, सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. बुधवारच्या प्रार्थनेत या वाडीची आठवण ठेवावी. ज्यांना मोडीतली जुनी कागदपत्रे वाचता येतात त्यांनी आमच्याशी जरूर बोलावे. एका घरात तशी दोन पाने निघाली आहेत.