सोळा चॅनल, चौसष्ट आवाज

२००१ साली मुंबईतल्या एका वादकाकडून मी वापरलेला रोलंड एक्सपी-६० घेतला आणि दोन सतरंज्यांत गुंडाळून महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेला आणला. आमचा भावगीतांचा कार्यक्रम तेव्हा अकरा जणांचा होता, आणि गणेशोत्सव मंडळांना अकरा जणांचं मानधन परवडेनासं झालं होतं. एकाच वेळी सोळा भाग वाजवणारा सिंथ, त्यातच बसवलेला सिक्वेन्सर. एवढ्या बळावर पाच माणसांत कार्यक्रम उभा करायचं मी ठरवलं. पुढच्या वर्षांत जे हाताला लागलं ते लिहितो. वाद्य दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असलं तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

१. आधी आवाज मोजा.
या वाद्यात सोळा भाग आहेत, पण एका क्षणी वाजू शकणारे आवाज चौसष्ट. चौसष्ट म्हणजे पुष्कळ, असं मला वाटलं होतं. पण एका पॅचमध्ये, म्हणजे निवडलेल्या एका वाद्यध्वनीत, चार टोनपर्यंत असतात, आणि चार टोनच्या स्ट्रिंग्जची एक पट्टी दाबली की चार आवाज खर्ची पडतात. पाच सुरांच्या कॉर्डला वीस. पेडल दाबून ठेवून कॉर्ड बदलली की आधीचे वीस अजून घुमत असतात, म्हणजे चाळीस. त्यावर दोन टोनचा पियानो दोन्ही हातांनी आठ सुरांत वाजवला की छप्पन्न. बास, बासरी आणि सगळ्या तालवाद्यांसाठी उरले आठ. नवा सूर आला की आधीचा कुठला तरी सोडून दिला जातो. तासगावजवळच्या एका गावात, कार्यक्रमाच्या मध्यात, अंतऱ्याच्या शेवटी बासरीचा लांबवलेला पंचम असाच मधूनच तुटला. गायिकेने माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. चूक माझ्याच रचनेची होती.

तेव्हापासून प्रत्येक गाण्याचा हिशेब मी वहीत मांडतो. साथीला राहणारे पॅच एका टोनचे करून घेतो. ‘व्हॉइस रिझर्व्ह’मध्ये बासला दोन, बासरीला चार असे आवाज राखून ठेवतो; ताल यंत्रावर होता तोवर त्याला दहा ठेवत असे. बास वाजत असेल तिथे स्ट्रिंग्जचा डावा हात काढूनच टाकतो. त्याने आवाज वाचतात आणि खर्जही स्वच्छ होतो. १९८८ च्या कॉर्ग एम-वनमध्ये अवघे सोळा आवाज आणि आठ ट्रॅक होते, तरी त्यावर लोकांनी संपूर्ण गाणी उभी केली. ती माणसं काय गाळायचं हे जाणत होती.

२. एकट्याने गोड लागणारा पॅच मेळात तसा लागत नाही.
दुकानात आपण एकेक पॅच वाजवून हरखतो. त्या वेळी वाद्यातला मुख्य इफेक्ट फक्त त्याच्याच दिमतीला असतो. सोळा भाग एकत्र आणले की तो मुख्य इफेक्ट एकच, एकाच सेटिंगवर राहतो. कोरस आणि रिव्हर्ब सगळ्यांत सामाईक. म्हणून फिरत्या स्पीकरचा ऑर्गन मेळात कोरडा पडतो. मी तो इफेक्ट गाण्यात सर्वांत पुढे असणाऱ्या वाद्याला देतो आणि बाकीच्यांचे पॅच कोरडेच, साधेच तयार करून घेतो.

३. वाकणाऱ्या सुराला स्वतंत्र चॅनल द्या.
पिच बेंडचा संदेश सुराला जात नाही, अख्ख्या चॅनलला जातो. सॅक्सोफोनची धून आणि तिच्या खालचा दुसरा सूर मी एकाच ट्रॅकवर वाजवले होते. धुनीत गंधारावरून मध्यमावर मींड घेतली, तर खालचा सूरही तिच्याबरोबर सरकला. आपल्या संगीतात मींड पदोपदी येते, म्हणून हा नियम आपल्याला जास्त कडक पाळावा लागतो. धून एका चॅनलवर, एका वेळी एकच सूर. खालचा सूर दुसऱ्या चॅनलवर, तोच पॅच लावून.

४. समेवर गर्दी करू नका.
डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या वाद्यनिर्मात्यांच्या पुढाकारातून १९८३ मध्ये मिडी आली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरने बोलू लागली. ती वायर सेकंदाला ३१,२५० बिट वाहते. एक सूर सुरू करायला तीन बाइट, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. मी बाहेरचं एक साउंड मॉड्यूल जोडून त्यावर बरेच भाग टाकले. समेवर वीस सूर एकदम निघाले की विसावा सूर वीसेक मिलिसेकंद मागे पडे. श्रोत्याला नेमकं कळत नाही, पण सम बोथट वाटते. मग तालवाद्यं आणि बास मुख्य वाद्यातच ठेवू लागलो, बाहेर फक्त सावकाश उमलणारे स्ट्रिंग्ज पाठवू लागलो, तेही एखाद-दोन टिक उशिराने. शंभर-सव्वाशेच्या लयीत सिक्वेन्सरचा एक टिक पाचेक मिलिसेकंदांचा असतो.

५. स्केल बदलताना दहाव्या चॅनलला हात लावू नका.
गायिकेचा गळा बसला, काळी दोन नको, पांढरी एक करा म्हणाली. मी घाईने सगळे ट्रॅक तीन पट्ट्या उतरवले. दहाव्या चॅनलवरच्या तालाच्या भागात प्रत्येक पट्टीवर वेगळं वाद्य असतं, त्यामुळे ठेक्यातला प्रत्येक बोल दुसऱ्याच कुठल्या तरी वाद्यावर जाऊन पडला.

६. वीज जाते.
बंद केलं की सिक्वेन्सरमधलं गाणं पुसलं जातं. फ्लॉपीवर उतरवलं तेवढंच उरतं. लोडशेडिंगच्या काळात एका रात्रीत तीन गाणी गेली. दर अर्ध्या तासाला सेव्ह करा, आणि एक प्रत दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ठेवा.

७. यंत्राला थांबायला शिकवा.
हे मला सर्वांत उशिरा कळलं, आणि यावरच सर्वांत जास्त बोलायचं आहे. सुरुवातीला मी संपूर्ण गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून ठेवत असे. बटण दाबलं की गाणं सुटे, आणि गायिकेने त्याच्या मागे धावायचं. भावगीतात एखाद्या शब्दावर ती रेंगाळणार, टाळी आली तर ओळ पुन्हा घेणार, अंतऱ्याआधी दोन क्षण श्वास घेणार. या गोष्टींसाठीच तर लोक मांडवात येतात. सिक्वेन्सरला यातलं काही ऐकू येत नाही.

मग मी गाण्यांचे तुकडे केले. मुखड्याची साथ एक पॅटर्न, पहिला म्युझिक पीस दुसरा, अंतरा तिसरा. एक्सपी-६० मध्ये असे पॅटर्न एकेका पट्टीला बांधून ठेवता येतात. खालच्या सप्तकातल्या पाच-सहा पट्ट्या मी त्यासाठी राखल्या. आलाप मोकळा, स्ट्रिंग्ज हाताने. गायिका समेवर येते तेव्हा पट्टी दाबायची, तिच्या आधी नाही. हे साधायला मला दोन वर्षं लागली, कारण मला गाण्याकडे लक्ष देण्याऐवजी पडद्यावरची मापं मोजण्याची सवय लागली होती. सूर आपोआप मात्रेवर ओढून बसवणारं क्वांटाइझही तेव्हाच सोडलं. पूर्ण ताकदीने लावलं की केहरव्यातला झोल मरतो. अगदी गरज पडली तर साठ टक्के, आणि धुनीला कधीच नाही.

८. कोणाची जागा घ्यायची नाही, ते ठरवा.
अकरांतले सहा जण मी कमी केले होते. त्यातल्या व्हायोलिनवादकाने पुढे शिकवण्या धरल्या. भेटला की अजूनही माझी चौकशी आधी करतो. पैशाचं गणित खरं होतं, तरी माझ्या स्ट्रिंग्जच्या ट्रॅकमध्ये त्याचा गज कधीच आला नाही, हेही खरं. सितारमेकर गल्लीत तंबोरे घडतात त्या गावात राहून तंबोरा यंत्रावर वाजवायचा नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. तबल्याबद्दल मात्र मोहात पडलो आणि तीन वर्षं दहाव्या चॅनलवर ठेके भरत राहिलो. २००४ च्या गणपतीत तबलजींना परत बोलावलं. त्यांच्या कानात क्लिक देऊन पाहिली, त्यांनी ती काढून ठेवली आणि म्हणाले, “तुम्ही माझ्याकडे बघा.” तेव्हापासून पॅटर्न लहान झाले, आणि मी त्यांच्या हाताकडे बघून पट्टी दाबतो.

आजही तोच एक्सपी-६० वाजवतो. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्हचा ड्राइव्ह बसवला आहे. बहुतेक गाण्यांत सोळांपैकी सहाच भाग वापरात असतात, आणि दहावा चॅनल रिकामा आहे.